लाईट गेल्यावर घरात १२ व्होल्टचे छोटे दिवे, इन्व्हर्टर न घेता जमेल का?

परळची_नीता:

नमस्कार मंडळी. आम्ही परळला हिंदमाताच्या जवळ जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. पुढे हॉल, मग लांबट पॅसेज, पॅसेजला लागून किचन आणि टोकाला संडास-बाथरूम. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की खाली पाणी भरतं, मीटर रूमच्या पायरीला लागलं की सेफ्टीसाठी सप्लाय बंद करतात आणि पाणी उतरून सगळं कोरडं होईपर्यंत कोणी चालू करत नाही. ते बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेवढे तास घरात मिट्ट काळोख. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, रात्री बाथरूमला उठतातच, पॅसेजमध्ये उंबरठा आहे आणि पावसाळा आला की मला ह्याच एका गोष्टीने झोप लागत नाही. मेणबत्ती घरात नकोय, पडदे आहेत, गॅस आहे.

चार्जिंगचे इमर्जन्सी बल्ब आहेत दोन, कधी लागतात कधी लागतच नाहीत, आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्यांची बॅटरी मान टाकते. इलेक्ट्रिशियनला विचारलं तर त्याने सरळ इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी सांगितली, पन्नास किलोच्या वरचं धूड ते, ठेवायला जागा नाही आणि त्यात पाणी घालत बसायचं ते वेगळंच. पंखा नसला तरी आम्ही निभावून नेऊ, मला फक्त उजेड हवाय.

मिस्टरांच्या डोक्यात असं आहे की एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी घ्यायची, एलईडी लावायचे, आणि वेगळी वायर कशाला, आहे त्याच बोर्डातून फिरवायची. हे चालेल का? बॅटरी कुठली, किती मोठी, किती तास टिकेल, कोणीतरी नीट समजावून सांगा. इलेक्ट्रिकचं मला फारसं कळत नाही पण आकडेमोड कळते, त्यामुळे आकडे द्यायला घाबरू नका.

मुलुंड_पूर्व:

ताई, आधी त्या बल्बचं सांगतो. त्याच्या आत सर्किट असतं ते बघतं की बटण चालू आहे का, आणि ते कसं बघतं तर वायरिंगमधून पलीकडे काही जोडलेलं आहे का, म्हणजे फ्रिज, पंखा, शेजाऱ्यांचं घर वगैरे, त्यातून वाट मिळते का. वाट मिळाली म्हणजे बटण चालू आहे पण लाईट नाही, मग तो लागतो. आता तुमच्याकडे मेनच खाली केलेला असतो आणि बरेच जण लाईट परत येताना झटका बसू नये म्हणून फ्रिज-टीव्हीची बटणंही बंद करतात, मग त्याला वाटच मिळत नाही, त्याला वाटतं बटण बंद आहे, आणि तो गप्प बसतो. पुढच्या वेळी एखादा पंखा रेग्युलेटरसकट चालू ठेवून बघा, बहुतेक लागेल.

बाकी माझं मत, दोन चांगले नवे बल्ब आणि एक टॉर्च एवढं पुरेसं आहे, कशाला भिंती फोडताय.

लॅमिंग्टनचा_जुना:

मुलुंडवाले दादा, बल्बचं तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत, पण ऐंशीच्या बाईला रात्री अर्धवट झोपेत टॉर्च शोधायला लावणं मला पटत नाही. तिच्या हाताला काही न लागता पायाखाली उजेड हवा. आणि भिंत फोडायची गरजच नाही, केसिंग पट्टी, म्हणजे वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी, मारून होतं सगळं.

नीताताई, तुमचा विचार योग्य आहे. मी आयुष्यभर हीच कामं केलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

बॅटरीपासून सुरुवात करू नका. आधी रात्री घरातले सगळे दिवे घालवून सासूबाईंच्या पलंगापासून संडासापर्यंत चालून बघा, शक्यतो त्यांना बरोबर घेऊन. जिथे त्या थांबतात, भिंतीला हात लावतात, वळतात, तिथे तिथे खूण करा. उंबरठ्याला एक, संडासाच्या दाराला एक, पलंगाजवळ एक, एवढंच निघेल. हे दिवे छताला लावू नका. जमिनीपासून फूट-दीड फुटावर, खाली तोंड करून, एक वॉटचा एक. अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर छताचा पांढरा झोत आला की म्हातारी माणसं उलट बिचकतात, मोतीबिंदू असेल तर जास्तच. पिवळसर उजेड घ्या, वॉर्म व्हाईट म्हणून मिळतो. साईनबोर्डवाले पाटीच्या आत जे १२ व्होल्टचे एलईडी मॉड्यूल लावतात, तीन ठिपक्यांचे, प्लास्टिकमध्ये सील केलेले, साधारण एक वॉटचे, ते ह्याला छान. ओल लागली तरी काही होत नाही, बाथरूमच्या दाराशी तेच लावा.

आता हिशोब. पलंगाजवळचा दिवा हॉलच्याच दिव्यात धरू या. पॅसेजचे दोन दिवे १ वॉटचे, रात्रभर म्हणजे १० तास, झाले २० वॉट-तास. हॉलमध्ये ३ वॉट आणि किचनमध्ये ३ वॉट, रोजचे ४ तास, झाले २४. एका रात्रीचे ४४. तीन वॉट कमी वाटतील पण बऱ्यापैकी एलईडी वॉटला ८०-१०० ल्यूमेन (उजेडाचं माप) देतो, म्हणजे तीनशेच्या आसपास. जुना ४० वॉटचा गोल बल्ब चारशेच्या आसपास द्यायचा आणि त्यात आपण अभ्यास केलाय. स्वयंपाकाला चालतं.

बॅटरीवर व्होल्ट आणि एएच लिहिलेलं असतं, दोन्हीचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ एएच, म्हणजे ८४. पण ही लेड-ॲसिड आहे, दरवेळी तळ गाठलात तर लवकर मरते, अर्धीच वापरायची असं धरा, म्हणजे ४२. एक रात्र जेमतेम. तुमच्याकडे पाणी भरतं म्हटल्यावर मी एका रात्रीवर थांबणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा कित्येक वस्त्यांमध्ये दुसऱ्या दिवशीही लाईट नव्हती. दोन रात्री धरा, ८८. मग १८ एएचची सील्ड बॅटरी घ्या, २१६ चे अर्धे १०८, थोडी उरतेसुद्धा. पाच-सहा किलोची असते, पाणी घालावं लागत नाही, कपाटाच्या खालच्या खणात मावते. गाडीची बॅटरी मात्र कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घरात आणू नका. ती स्टार्टरला दोन सेकंद जोर द्यायला बनवलेली असते, हळूहळू रात्रभर वापरायला नाही, शिवाय चार्ज होताना गॅस सोडते.

आणि मिस्टरांना सांगा, त्याच बोर्डातून वायर फिरवायची नाही. ह्यावर वायरमन मंडळी जास्त चांगलं लिहितील.

विक्रोळी_वायरमन:

आलोच. ताई हात जोडून सांगतो घरातल्या वायरिंगमध्ये बॅटरी घालू नका. एक तर तुमचे छताचे बल्ब २३० व्होल्टचे, १२ वर लागणारच नाहीत, मग होल्डरला १२ व्होल्टचा बल्ब लावाल, मग एक दिवस मेन चालू असताना कोणीतरी बटण दाबेल आणि बल्ब फुटेल. आणि मेन अर्धवट चालू राहिला किंवा कोणी चुकून चढवला तर २३० सरळ बॅटरीत. बॅटरी फुटणं मी बघितलंय, भिंतीवर ॲसिडचे शिंतोडे. आणि अजून एक, तुम्ही उद्या रूम विकाल, भाड्याने द्याल, नवीन वायरमन येईल, त्याला लाल-काळी वायर दिसली की तो तिला फेज-न्यूट्रलच समजणार.

म्हणून वेगळी पट्टी, वेगळा रंग. घरात लाल काळी हिरवी असते ना, मग ह्याला निळी-पांढरी घ्या किंवा दुसरी कुठलीही जोडी घ्या, पण घरभर एकच, आणि पट्टीवर मार्करने दर दोन-तीन फुटावर १२ व्होल्ट डीसी लिहा. नेहमीचा होल्डर नाही, नेहमीची तीन पिनची सॉकेट तर अजिबात नाही, कोणीतरी मिक्सर लावून बघेल नाहीतर १२ व्होल्टचा दिवा मेनमध्ये खुपसेल. बटण मात्र साधं ६ अँपियरचं चालतं, एवढ्याशा करंटला काही होत नाही, फक्त वेगळ्या डबीत बसवा, जुन्या बोर्डात घुसवू नका.

आता महत्त्वाचं. १२ व्होल्टला शॉक लागत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. शॉक नाही लागत पण आग लागते. एवढीशी ७ एएचची बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर शंभर अँपियरच्या आसपास करंट फेकते, बारीक वायर लाल होऊन प्लास्टिक पेटतं, आणि घरातला एमसीबी पडणार नाही कारण त्याचा ह्याच्याशी संबंधच नाही. म्हणून फ्यूज. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत, मध्ये कुठे नाही, दिव्यापाशी तर नाहीच, कारण फ्यूजच्या अलीकडच्या तुकड्याला संरक्षण नसतं. गाड्यांमध्ये असतो तो पात्याचा फ्यूज आणि वायरवाला होल्डर घ्या, ३ अँपियरचा पुरे. बॅटरीच्या टर्मिनलला वायर गुंडाळायची नाही, थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा, दाबून लावायची, आणि वर रबरी टोपी. कपाटात चावी पडली, स्टीलचा डबा सरकला आणि दोन्ही टर्मिनलवर टेकला की संपलं.

वायर १ स्क्वेअर एमएम तांब्याची. टेलिफोनची किंवा स्पीकरची बारीक वायर पडलीय म्हणून वापरू नका.

परळची_नीता:

किती आभार मानू. दोघांचंही मिस्टरांना वाचून दाखवलं, बोर्डाचा विषय बंद झाला. काल रात्री सासूबाईंना घेऊन दिवे घालवून चाललो. गंमत म्हणजे उंबरठ्याशी त्या अजिबात थांबत नाहीत, पाय उचलायची वर्षानुवर्षांची सवय आहे. थांबतात त्या किचनच्या दारापाशी, तिथे लादी थोडी उंच-सखल आहे आणि फ्रिजचा कोपरा येतो. मी दिवा उंबरठ्याला लावला असता आणि खरी जागा राहून गेली असती.

पॅसेज ९ मीटर भरला, बॅटरी हॉलमधल्या कपाटात ठेवायची म्हटली तर. आता प्रश्न असे. बारीक वायरने एवढा काय फरक पडतो, दिवे तर छोटे आहेत? लाईट गेली की पॅसेजचे दिवे आपोआप लागावेत, मी झोपलेली असते, ते कसं करायचं? आणि एलईडीची पट्टी मिळते ना रोलवाली, ती किचनच्या ओट्यावर लावली तर? लिथियमबद्दल पण सगळे बोलतात, ती घ्यावी का?

लॅमिंग्टनचा_जुना:

बघा, चालून बघण्याचा हा फायदा.

वायरचं असं आहे. मेनवर ८ वॉटचा दिवा घेतो जेमतेम ०.०३५ अँपियर, तेच १२ व्होल्टवर घेतो ०.६७. वीस पट. आणि वायरमध्ये जे व्होल्ट पडतात ते करंटप्रमाणे पडतात. १ स्क्वेअर एमएम तांब्याला मीटरला ०.०१८ ओहमच्या आसपास रेझिस्टन्स, ९ मीटर जायला आणि ९ यायला म्हणजे १८ मीटर, साधारण ०.३२ ओहम, त्यात ०.६७ अँपियर, म्हणजे ०.२ व्होल्ट गेले. कळतसुद्धा नाही. टेलिफोनची वायर ०.२ स्क्वेअर एमएमची असते, पाचवा हिस्सा, तिथे तेच एक व्होल्टच्या वर जातात. चाळीतल्या शेवटच्या नळाला पाणी येतं ना बारीक, तसा टोकाचा दिवा मिणमिणतो, आणि टोकाला तुमचा संडास आहे.

आता तुम्ही म्हणाल १२ पैकी १ गेला तर काय एवढं. तर एलईडीच्या पट्टीची रचना बघा. तीन एलईडी एका ओळीत आणि त्यांच्याबरोबर एक रेझिस्टर. तीन एलईडी मिळून साडेनऊच्या आसपास व्होल्ट खातात, उरलेले अडीच रेझिस्टरवर, आणि किती करंट जायचा ते त्या अडीचवर ठरतं. एक व्होल्ट कमी झाला तर अडीचचा दीड झाला, म्हणजे उजेड चाळीस टक्क्यांनी घसरला. उलट बाजूने, पट्टी कायम चार्जरला जोडून ठेवली आणि चार्ज होताना १४ व्होल्ट आले तर अडीचचे साडेचार होतात, पट्टी तापते आणि काही महिन्यात एकेक तुकडा विझायला लागतो. लोक म्हणतात पट्टी डुप्लिकेट निघाली. पट्टीचा दोष नसतो, तिला १४ व्होल्ट मिळत असतात.

म्हणून रिले वापरा, तुमचा आपोआपचा प्रश्नही त्यातच सुटतो. १२ व्होल्टचा पाच पायांचा शुगर क्यूब रिले, म्हणजे करंट मिळाला की आपोआप बदलणारा छोटा स्विच. त्याची कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, एका छोट्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर, अडॅप्टर मेनच्या सॉकेटमध्ये. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून रिलेच्या कॉमनला, आणि एनसी म्हणजे नॉर्मली क्लोज पायातून दिव्यांना. लाईट आहे तोवर कॉइल ओढून धरते, दिवे तुटलेले. लाईट गेली, कॉइल सुटली, दिवे लागले. बॅटरी तेव्हा चार्जरवर नसल्यामुळे दिव्यांना १२.७ पासून खालीच व्होल्ट मिळतात, १४ कधीच नाही. कॉइलला अर्धा वॉटसुद्धा लागत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, कॉइलचा अडॅप्टर हा बॅटरीच्या चार्जरपासून वेगळा हवा. एकच वापरला तर चार्जरच्या वायरी बॅटरीलाच जोडलेल्या असतात, मेन गेला तरी कॉइलला बॅटरीतूनच करंट मिळत राहतो, रिले सुटतच नाही आणि दिवे लागतच नाहीत. मग माणूस रिले बदलत बसतो.

पॅसेजचे दोन दिवे रिलेनंतर थेट, बटण नाही. हॉल आणि किचनला प्रत्येकी एक बटण, म्हणजे दुपारी लाईट गेली तर उगाच बॅटरी जळत नाही. रोलवाली पट्टी ओट्यावर चालेल, पण विकत घेताना मीटरला किती वॉट ते विचारा. ठसठशीत ५०५० ची, मीटरला ६० एलईडीवाली १४ वॉट घेते, दोन मीटर लावलीत तर आपला सगळा हिशोब कोलमडला. ५ वॉटच्या आतली, अर्धा मीटर, ओट्याच्या वर एवढीच.

चार्जर १३.८ व्होल्ट स्थिर देणारा, २ अँपियरचा. बॅटरीच्या अंगावरच छापलेलं असतं, स्टँडबाय युज १३.५ ते १३.८, तो आकडा पाळा. सायकल युज १४.४ च्या पुढे लिहिलेलं असतं ते कायम लावून ठेवायला नाही. आणि दिव्यांच्या बाजूला एक लो व्होल्टेज कटऑफचं मॉड्यूल टाका, ११.५ ला तोडणारं, म्हणजे विसरलात तरी बॅटरी तळाला जात नाही.

वायर आणि पट्ट्या लोहार चाळीत, रिले, फ्यूज होल्डर, मॉड्यूल, बॅटरी लॅमिंग्टन रोडला. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

डोंबिवली_फास्ट:

लिथियमचं मी सांगतो, आमच्याकडे तीच आहे. लिथियम म्हणजे सगळ्या एकसारख्या नसतात. जुन्या लॅपटॉपच्या सेलमधून कोणी पॅक बनवून देतो म्हणाला तर नको, ते सेल कसे वापरले गेलेत कोणाला माहीत, आणि पेटले तर विझत नाहीत लवकर. घरात ठेवायला लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी म्हणतात, ती घ्या, तिच्यावर १२.८ व्होल्ट लिहिलेलं असतं कारण आत ३.२ चे चार सेल असतात, ही तापण्याच्या बाबतीत बरीच शांत आहे. आत बीएमएस असलेलीच घ्यायची, तो जास्त चार्ज, कमी चार्ज, शॉर्ट सगळं तोडतो. तरीपण बाहेर फ्यूज लावायचाच.

फायदा असा की ८० टक्के बिनधास्त वापरता येते. १२.८ व्होल्ट १२ एएच म्हणजे १५३ वॉट-तास, त्यातले १२० वापरायला मिळतात, म्हणजे वर सांगितलेल्या १८ एएचच्या सील्ड बॅटरीपेक्षा जास्तच, आणि वजन निम्म्याहून कमी. महाग आहे पण वर्षं जास्त टिकते. सील्ड लेड-ॲसिडचा मुंबईत खरा शत्रू गरमी. तिचं आयुष्य २५ अंशाला धरून लिहिलेलं असतं, त्याच्यावर दर ८-१० अंशाला जवळजवळ निम्मं होतं. माळ्यावर पत्र्याखाली ठेवली, फ्रिजच्या मागे ठेवली तर दोन उन्हाळ्यात संपते. कुठलीही घ्या, खाली, थंड जागी, हवा लागेल अशी ठेवा. लेड-ॲसिड असेल तर हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात बंद करू नका, सील्ड असली तरी तिला वॉल्व्ह असतो आणि जास्त चार्ज झाली की गॅस बाहेर पडतो.

फक्त एक, एलएफपीचा व्होल्ट बघून किती उरलीय ते कळत नाही, बराच वेळ १३.२ च्या आसपासच दाखवते आणि शेवटी एकदम पडते. आणि कटऑफ बीएमएसवर सोडू नका, बाहेरचं मॉड्यूल ठेवा.

मुलुंड_पूर्व:

मी मत बदललं. आमच्याकडे पण आई आहे. एक विचारतो, ह्याच बॅटरीवर वायफायचा राउटर चालेल का, त्यावर पण १२ व्होल्टच लिहिलंय. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड फेल होऊन सकाळी दहाच्या सुमारास अख्खी मुंबई बंद पडली होती, लोकल जागच्या जागी उभ्या, तेव्हा घरच्यांना फोन लागेना ह्याचाच जास्त त्रास झाला.

लॅमिंग्टनचा_जुना:

चालेल, पण सरळ जोडू नका. राउटरला १२ म्हणजे १२ च लागतात असं नाही, पण चार्ज होतानाचे १४ सगळ्यांना झेपतीलच असं नाही, मध्ये १२ व्होल्टचा रेग्युलेटर मॉड्यूल टाका किंवा सरळ राउटरचा मिनी यूपीएस मिळतो तो वेगळा घ्या, मी तोच सांगेन. राउटर ५-६ वॉट धरलात तरी १० तासात ६० वॉट-तास खातो, म्हणजे ताईंच्या सगळ्या दिव्यांपेक्षा जास्त. आईच्या पायाखालचा उजेड राउटरने खाल्ला असं नको व्हायला.

आणि घ्यायच्या आधी केबलवाल्याला विचारा. घरापर्यंत फायबर आणि मध्ये नुसता स्प्लिटर असेल तर त्याला लाईट लागत नाही. पण बऱ्याच बिल्डिंगमध्ये जिन्यात त्याचा स्विचचा डबा असतो आणि तो बिल्डिंगच्या लाईटवर चालतो. तो बंद पडला की तुमचा राउटर चालू असून उपयोग नाही.

परळची_नीता:

सगळं सामान आणलं. आम्ही एलएफपी घेतली, १२ एएच, वजनामुळे. चार्जर दुकानदाराने तिच्यासाठीचा वेगळा दिला, १४.६ व्होल्टचा, तो बरोबर आहे ना? आणि एक राहिलं. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, नेब्युलायझर आहे घरात, पंपवाला, मेनवर चालणारा. तो ह्यावर चालवायला छोटा इन्व्हर्टर लावता येईल का?

डोंबिवली_फास्ट:

१४.६ एलएफपीसाठीच असतो, बरोबर आहे. फक्त लेड-ॲसिडला तो कधी लावू नका. आणि चार्जर असा हवा जो भरल्यावर स्वतःहून थांबतो.

विक्रोळी_वायरमन:

नेब्युलायझर नको ताई ह्यावर. पंपवाला मागे वॉट लिहिलेले असतात ते बघा, शंभराच्या आसपास असतील तर १२ व्होल्टवर आठ-नऊ अँपियर झाले, चालू होताना त्याहून जास्त. आपला फ्यूज ३ चा, वायर आणि रिले दिव्यांच्या हिशोबाने, आणि फ्यूज मोठा टाकून बघू असं तर मुळीच करू नका, मग फ्यूज असून नसल्यासारखा. हातात धरायचा छोटा मेश नेब्युलायझर मिळतो, सेलवर नाहीतर यूएसबीवर चालतो. पण सगळी औषधं त्यातून देता येत नाहीत, म्हणून तुमच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगून विचारा आणि पावसाळ्याच्या आधी विचारा. इनहेलर आणि स्पेसरचं पण विचारून ठेवा, त्याला लाईट लागतच नाही.

परळची_नीता:

हे कोणी सांगितलंच नव्हतं, उद्याच डॉक्टरांना फोन करते.

दिवे लागले. मिस्टर आणि भाचा दोघांनी केसिंग पट्टी मारली, वायर निळी-पांढरी, पट्टीवर १२ व्होल्ट डीसी मी स्वतः लिहिलं. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. मेन पाडून मल्टिमीटरने मोजलं, बॅटरीवर १३.२ आणि संडासाच्या दाराशी १३.०, तुमच्या ०.२ च्या हिशोबाप्रमाणे. किचनच्या दारापाशी खाली एक दिवा, फ्रिजचा कोपरा आणि लादी दोन्ही दिसतात. सासूबाई म्हणाल्या हा डोळ्यावर येत नाही, बरा आहे.

चाचणी कधी कधी घ्यायची?

लॅमिंग्टनचा_जुना:

वा, छान झालं. पण १३.२ वर थोडं बोलायला हवं. मी १२.७ सांगितलं होतं ते लेड-ॲसिडचं, तुमची एलएफपी बराच वेळ १३ च्या वरच राहते. साईनबोर्डच्या मॉड्यूलला आणि ओट्याच्या पट्टीला ते थोडं जास्त होतं. एखादी रात्र काही होणार नाही, पण पट्टीवर हात ठेवून बघा, अर्ध्या तासाने चटका बसत असेल तर रिलेनंतर १२ व्होल्टचा बक कन्व्हर्टर, म्हणजे जास्तीचे व्होल्ट उतरवून १२ वर आणणारं मॉड्यूल, टाका, नखाएवढा असतो, सगळ्या दिव्यांना मिळून एकच पुरतो. तो घेताना लो ड्रॉपचा विचारा, नाहीतर बॅटरी उतरल्यावर तोच एक व्होल्ट खाऊन बसतो.

चाचणी महिन्यातून एकदा, संध्याकाळी, मेन पाडून तासभर. मे अखेरीला एकदा पूर्ण रात्र. तेव्हाच फ्यूजचा होल्डर उघडून पाती हिरवी पडलीत का बघा, परळच्या दमट हवेत पडतात, आणि एक जादा ३ अँपियरचा फ्यूज कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात एक कागदही लावा, बॅटरी कुठे, फ्यूज किती, कॉइलचा अडॅप्टर कुठल्या सॉकेटमध्ये, कारण मोबाईल चार्जरसाठी कोणीतरी तो अडॅप्टर उपटतोच आणि मग भर लाईट असताना पॅसेजचे दिवे जळत बसतात. त्या सॉकेटचं बटणही चालू ठेवून त्यावर टेप लावा.

आणि ते जुने इमर्जन्सी बल्ब कचऱ्यात टाकू नका, आत लिथियमचा सेल असतो, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

परळची_नीता:

ओट्यावरची एलईडी पट्टी गरम लागतेय, चटका नाही पण कोमट म्हणता येणार नाही. लो ड्रॉपवाला कन्व्हर्टर सोमवारी मिस्टर आणतायत. अडॅप्टरच्या बटणाला टेप आत्ताच लावली.